सकाळचा पहिला श्वास

सर कुणाला 'कसे आहात' असं विचारत नसत. 'काय खाल्लंत' असं विचारत. आणि तेही समोरच्याला हातभर अंतरावर थांबवून. ट्रॅफिकच्या हवालदारासारखा खरोखरच हात पुढे करायचे, माणूस थबकला की मग प्रश्न. आमच्या प्राचार्यांनाही त्यांनी असंच थांबवलेलं मी पाहिलंय. "क्या खाया सुबह से?" प्राचार्य बिचारे आठवून आठवून सांगू लागले, डाळपुरीसारखी बेडई, आलूची भाजी, दोन जिलब्या. सर म्हणाले, "तो आज रहने दीजिए. परसों आइए, बिना प्याज़-लहसुन के." प्राचार्य खरं तर सरांना कसला तरी जाब विचारायला आले होते. ते मान हलवून परत गेले आणि तिसऱ्या दिवशी खरंच आले, कांदा-लसूण न खाता.

कॉलेजात त्यांना सगळे 'गुब्बारेवाले सर' म्हणत. ते फिजिक्स शिकवायचे, पण जीव होता तो वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत. एम.एस्सी. झाल्यावर त्यांच्या संशोधनात मदतनीस म्हणून मी त्या खोलीत शिरले, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याला एक फुगा आपटला. छताला, खिडकीला, कपाटाच्या मुठींना दोऱ्यांनी फुगे बांधलेले. वाढदिवसाला आणतात ते चंदेरी कागदाचे, काही बदामाच्या आकाराचे, काही चांदणीच्या, एक-दोन मासेसुद्धा. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव, वार आणि खाल्लेल्या पदार्थांची यादी. त्यात माणसांचे श्वास भरलेले होते. रबरी फुग्यातून वास निसटतो, चंदेरी फुग्यात तो दोन दिवस टिकतो, हा शोध सरांनी स्वतः लावला होता. परदेशी पिशव्या मागवायला कॉलेज तयार नव्हतं, म्हणून सर टोपी बाजारातल्या ठोक दुकानातून फुगे आणत. दुकानदारानं एकदा न राहवून विचारलं, "सर, कितने बच्चे हैं आपके?" सर म्हणाले, "एक भी नहीं. पर साँस सबकी चाहिए." त्या दिवसापासून दुकानदार त्यांना जरा घाबरूनच असायचा.

मुलाखतीत त्यांनी मला दोनच गोष्टी विचारल्या. एक, अत्तर लावतेस का. दोन, घरी मराठी बोलता का. आमचं घराणं फौजेतलं, त्यांचं दरबारी कारकुनांचं. दोन्ही घरं दख्खनमधून आलेली आणि इथेच ग्वाल्हेरात मुरलेली. मी बोलताना मध्येच हिंदीत घसरले की ते म्हणायचे, "हिंदीत विचार कर, हरकत नाही. पण मला मराठीत सांग. दिवसभरात माझ्याशी मराठी बोलणारी तू एकटीच आहेस."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकून सोडून दिलं.

आता त्या खोलीत चालायचं काय, ते सांगते. टिनचं एक संयुग असतं, ते सर इतकं बारीक करत की चिमूटभर भुकटीत त्या अख्ख्या खोलीच्या फरशीएवढी जागा मावायची. भुकटीचा पातळ थर नखाएवढ्या चकतीवर द्यायचा आणि चकती तव्यासारखी तापवायची. हवेतला ऑक्सिजन त्या कणांना चिकटून बसतो आणि विजेची वाट अडवतो. ॲसिटोनची वाफ आली की तो ऑक्सिजन तिच्याशी संग करून निघून जातो, वाट मोकळी होते आणि काटा हलतो. ज्याची साखर हाताबाहेर गेलीय त्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन जास्त असतं. झालं. सुई नको, रक्त नको, फुंकर मारायची. ही सगळी व्यवस्था सरांनी एका जुन्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवली होती. वर एक काटा आणि तीन दिवे, हिरवा, पिवळा, तांबडा. आम्ही त्याला डबाच म्हणायचो.

उपाशी माणसाच्या श्वासातही ॲसिटोन वाढतं. त्यामुळे नवरात्रात शहराचा आमचा अर्धा लष्कर भाग पिवळ्या दिव्यावर असायचा आणि आमचं काम नऊ दिवस बंद पडायचं. सर वैतागून म्हणत, "देवीला सांगा, एका वर्षी सुट्टी घे."

डब्याचं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे आमचा शिपाई रामसेवक. त्याला शुगर होती, गोळ्या घ्यायचा कंटाळा होता आणि जिलबीवर प्रेम होतं. रोज दुपारी तो फुंकर मारायचा, पिवळा दिवा लागायचा, सर त्याला हिंदीत झापायचे, तो "जी साब, जी साब" करायचा आणि संध्याकाळी महाराज बाड्याच्या चौकात पुन्हा जिलबी खायचा.

हे सगळं कशासाठी, ते सरांनी मला एकदाच सांगितलं. खिडकीकडे तोंड करून, मीटर पुसत. त्यांना एक धाकटी बहीण होती. सात वर्षांची असताना ती वाळायला लागली, सारखी पाणी प्यायची. तिच्या तोंडाला पिकलेल्या पेरूसारखा वास यायचा. दौलतगंजात त्यांच्या घरामागे पेरूचं झाड होतं, आणि आईनं पेरूला हात लावायची मनाई केली होती, कारण मुलीला खोकला होता. "मीच जाऊन सांगायचो, आई, हिनं पेरू खाल्ला. वास येतोय बघ. आई तिला मारायची. ती रडून सांगायची, नाही खाल्ला. कुणाला खरं वाटेना." ती गेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की तो वास कशाचा होता. सर तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते. सांगून झालं तरी मीटर पुसणं चालूच होतं. मी चहा आणते म्हणून खाली गेले.

सगळी खुबी शून्यात होती. तराजूत आधी काटा मध्यावर आणावा लागतो, तसं डब्याला रोज सकाळी एका निरोगी माणसाचा श्वास द्यावा लागे, आणि मग बाकीच्यांचे श्वास त्याच्याशी ताडून पाहायचे. सिलिंडरमधली शुद्ध हवा चालत नसे, कारण ती कोरडी असते आणि श्वास ओला. आठवड्यातून एकदा सिलिंडरच्या हवेनं फक्त चकती जागेवर आहे ना, ते तपासायचं. रोजचा शून्य मात्र माणसाचाच हवा. आणि तो माणूस सर स्वतः होते.

रोज सकाळी साडेसातला कॉलेजात येऊन ते एका चांदणीच्या फुग्यात पहिला श्वास भरत. शून्य हलू नये म्हणून त्यांनी स्वतःलाच जागच्या जागी खिळवून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं दोन्ही वेळा मुगाची खिचडी आणि ताक. कांदा नाही, लसूण नाही, हिंगसुद्धा नाही. उपवास करायचे नाहीत म्हणून एकादशी सोडली, गोड खायचं नाही म्हणून संक्रांतीचा तिळगूळ खिशात ठेवायचे. लग्नाला जायचे नाहीत, मुंजीला जायचे नाहीत, गणपतीत आरतीला येऊन प्रसाद न घेता निघून जायचे. आपली मराठी मंडळी अशा गोष्टी विसरत नाहीत. हळूहळू त्यांना बोलावणं बंद झालं. माझी आई म्हणायची, "एवढा काय शिष्टपणा? आमच्या घरचं अन्न गोड लागत नाही का त्यांना?" मी तिला समजावायचा प्रयत्न केला, की आई, ते शून्य आहेत. आई म्हणाली, "काही पण बोलतेस!"

लग्न का केलं नाहीत, असं रामसेवकनं एकदा विचारल्यावर म्हणाले होते, "बीवी होती तो रोज़ अलग सब्ज़ी बनाती. मेरा काँटा हिल जाता." रामसेवक पोट धरून हसला. मीही हसले.

मग विलीनीकरण आलं. आमचं कॉलेज एका नव्या विद्यापीठात मिसळणार, फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून एकच विभाग होणार, जुनी इमारत रिकामी करायची आणि सगळं शहराबाहेरच्या नव्या इमारतीत न्यायचं. इतरांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. सर मात्र पहिल्या दिवशी नुसतं म्हणाले, "आमच्या घरात हे तिसऱ्यांदा." त्यांच्या आजोबांचं दफ्तर संस्थान मध्य भारतात गेलं तेव्हा मिटलं. मध्य भारताचं मध्य प्रदेश झालं तेव्हा वडिलांचं दफ्तर भोपाळला गेलं आणि वडील तिकडे खोली घेऊन एकटे राहिले. "दर वेळी ते लोक एक यादी करतात, आणि आपलं नाव त्या यादीत कुठे बसेना की म्हणतात, बघू." सर म्हणाले. "तू यादी नीट कर. आपल्या डब्याला कुठल्या तरी खान्यात बसव."

यादी होईपर्यंत सगळी खरेदी बंद झाली. होळीच्या सुमारास आमचं काचा धुवायचं ॲसिटोन संपलं. हवेचं सिलिंडर संपलं. मागणीपत्रं शिक्का मारून परत यायची. आठवड्याची तपासणी थांबली, आम्ही काचा गरम पाण्यानं धुवायला लागलो.

आणि त्याच दिवसांत डबा बिघडला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. मुलामुलींचे श्वास तपासले की काटा शून्याच्याही खाली जायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सर मजेत म्हणाले, "बघ, सगळं कॉलेज माझ्याहून निरोगी झालं." मी म्हटलं, "सर, तुम्ही खिचडी सोडून द्या आता." दोघंही हसलो. मग एका दुपारी रामसेवकनं फुंकर मारली आणि हिरवा दिवा लागला. रामसेवकला आकाश ठेंगणं झालं. "साब, मेरी शुगर ठीक हो गई!" तो थेट जिलबी खायला पळाला. दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला जबरदस्तीनं रक्त तपासायला पाठवलं. साखर होती तेवढीच होती, उलट थोडी जास्तच.

तिथून सरांचं हसणं संपलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'चकती थकली.' नवी चकती केली. तीही तसंच दाखवू लागली. अजून एक केली. वैशाखातलं ग्वाल्हेर, वरचा मजला, त्यात चकत्या भाजायची भट्टी चालू. सर माठातलं पाणी तांब्यानं प्यायचे. त्या उन्हात सगळेच पीत होते. त्यांच्या पट्ट्याला मोचीकडून नवी भोकं पाडून आणली होती, तीही मी पाहिली. मला वाटलं, काळजीनं वाळले. काळजी होतीच. डबा खरा ठरला नाही तर आयुष्यभर केलं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा होता, आणि तो विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

समिती आली ती ज्येष्ठात. तिघंजण. त्यात केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या, पुढे एकत्रित विभागाच्या प्रमुख होणार होत्या त्या. खोलीत पाऊल ठेवताच एका सदस्याच्या तोंडावर बदामाचा फुगा आला, त्यावर 'हॅपी बर्थडे'. त्या गृहस्थांचा आमच्यावरचा अर्धा विश्वास तिथेच उडाला. सरांनी डबा दाखवला, रामसेवकनं फुंकर मारली. हिरवा दिवा.

"इनको शुगर है?" मॅडमनी विचारलं.

"बहुत है, मैडम," रामसेवक अभिमानानं म्हणाला. मग आपण काय बोललो हे कळून त्यानं जीभ चावली.

सर म्हणाले, चकती थकली आहे, थोडा वेळ द्या. मॅडम शांतपणे डब्याकडे पाहत होत्या. "आप शून्य किससे लेते हैं?"

"अपने आप से."

"और आपका शून्य कौन जाँचता है?"

सर म्हणाले, "इसकी कभी ज़रूरत नहीं पड़ी." मॅडमनी वहीत काही लिहिलं. मला त्या बाईचा त्या दिवशी फार राग आला होता. पंधरा दिवसांत पत्र आलं. काम बंद, खोली रिकामी करावी, सरांनी नव्या इमारतीत पहिल्या वर्षाचे तास घ्यावेत.

पत्र आल्यावरही सर दुसऱ्या दिवशी साडेसातला आले आणि चांदणीचा फुगा भरला. कशासाठी, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळानं 'चक्कर येते, घरी जाऊन पडतो' म्हणाले आणि भिंतीला धरत जिना उतरले. त्यापूर्वी त्यांनी कधी अर्धी रजासुद्धा घेतल्याचं रामसेवकला आठवत नव्हतं.

आम्ही दोघं सामानाची यादी करत बसलो. रामसेवक बाटल्या उचलून वाचायचा, मी लिहायचे. "एसिटोन, खाली. एसिटोन, खाली. ये भी खाली."

"कुठली तरी सांडलीय," मी म्हटलं. "वास येतोय बघ."

"कहाँ से सांडेगी बिटिया? होली से एक बूँद नहीं है."

मी लिहिता लिहिता थांबले. वास तर येत होता. तो वास त्या खोलीत कायमच असायचा, म्हणून इतके दिवस कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. ॲसिटोन संपून तीन महिने झाले, पण वास गेला नव्हता. मी नाक पुढे करत खोलीभर फिरले. कपाटापाशी नाही, मोरीपाशी नाही. सरांच्या खुर्चीपाशी होता. तिथे सकाळचा चांदणीचा फुगा बांधलेला होता आणि त्याचं तोंड जरा सैल राहिलं होतं.

डबा तापायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास रामसेवक रिकाम्या बाटल्या पुन्हा पुन्हा हुंगून पाहत होता. मग मी माझा श्वास दिला आणि काटा शून्यावर आणला. सरांशिवाय दुसऱ्या कुणाचा शून्य त्या डब्यानं पाहिलाच नव्हता. रामसेवकनं फुंकर मारली. पिवळा. पूर्वीसारखा, स्वच्छ पिवळा. रामसेवक माझ्याकडे पाहायला लागला. मी चांदणीचं तोंड डब्याच्या नळीला लावलं.

तांबडा दिवा लागला आणि काटा टोकाला जाऊन तिथेच थरथरत राहिला.

दौलतगंजात, एका कापड दुकानाच्या वर, सरांच्या दोन खोल्या होत्या. दोन वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. कुणीच जात नसे. दार नुसतं लोटलेलं होतं. सर खाटेवर पडले होते, पळून आल्यासारखा खोल खोल श्वास घेत होते, उशाशी पाण्याचा तांब्या. दारातच वास आला, आणि इथे तर बाटल्या नव्हत्या, काचा नव्हत्या. पिकलेला पेरू. सवयीनं त्यांनी मला थांबवायला हात उचलला. मी थांबले नाही.

मी सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"शून्य कुणाचा घेतलास?"

"माझा."

"काय खाल्लं होतंस?"

"पोहे."

"कांदा?"

"हो, सर."

"कांदा नव्हता खायचा." मग बराच वेळ श्वासच घेत राहिले. "रामसेवकचा?"

"पिवळा."

सर हसले. दोन महिन्यांनी हसले. "म्हणजे डबा ठीक आहे," म्हणाले. "तीनही चकत्या ठीक होत्या. माझा शून्यच वर चढला होता. वहीत लिहून घे."

"सर, आधी दवाखान्यात चला."

"लिहून तर घे आधी."

वही माझ्याजवळ नव्हती. मी त्यांच्यासमोर माझ्या हाताच्या तळव्यावर पेनानं लिहिलं, तेव्हा ते उठले. खाली रिक्षा घेऊन थांबलेल्या रामसेवकनं त्यांना अंगाशी धरून बसवलं. त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं.

सर वाचले. रोजचं इन्सुलिन लागलं, पण वाचले. तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले तेव्हा उठून बसले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, "माझ्या तोंडाला वास येत होता. तुला आला नव्हता?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. "आला होता, सर."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. मला वाटलं, बाटलीचा आहे."

ते चादरीच्या काठाशी चाळा करत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मला पण वाटलं होतं, तिनं पेरू खाल्ला."

मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मला थोपवलं नाही. आमच्या घरी सकाळी उठून कुणी तोंड उघडलं की आई ओरडते, आधी दात घास, वास येतोय. रोजचं ओरडणं. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, तो दुसऱ्यालाच येतो, आणि तो दुसरा हातभर अंतराच्या आत असावा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्यांच्या श्वासांनी खोली भरलेल्या त्या माणसाजवळ तेवढ्या अंतरावर कुणीही नव्हतं.

मॅडम दवाखान्यात आल्या. फळं आणली नाहीत, हे त्यांचं शहाणपण. म्हणाल्या, समितीपुढे पुन्हा ठेवते, पण एकाच माणसाचा शून्य चालणार नाही, रोज दहा जणांचा श्वास घ्या आणि सरासरी काढा. इतकी साधी गोष्ट. सर म्हणाले, "दस लोग रोज़ कहाँ से लाता, मैडम? मेरे पास तो रोज़ का एक ही आदमी था."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, निदान एक वर्ष तू शून्य हो, बाकीचे नऊ मिळतील. कार्तिकात माझं लग्न ठरलेलं होतं, इंदूरला जायचं होतं. मी म्हटलं, "बघू, सर." त्यांच्या घरानं दर वेळी ऐकलेलं तेच 'बघू', आणि आता ते माझ्या तोंडून. ते लगेच म्हणाले, "नाही नाही. सासरी रोज खिचडी कशी खाशील?" पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. दहा माणसं काही जमली नाहीत, डबा नव्या इमारतीत एका काचेच्या कपाटात गेला, खाली चिठ्ठी लावून.

इंदूरहून मी अधूनमधून फोन करायचे. आधी दर रविवारी, मग सणावारी. सर पहिलं वाक्य तेच बोलायचे, "काय खाल्लंस?" मी सगळं सांगायचे, ते मन लावून ऐकायचे. त्यांना काय खाल्लंत विचारायचं मला कधी सुचलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून असेल.

गेल्या चैत्रात रामसेवकचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. शुगरनं नाही, हृदयानं. निवृत्तीनंतर दोघं शेजारशेजारच्या गल्लीत राहत होते, हे मला ठाऊक होतं. बाकी ठाऊक नव्हतं ते त्यानं सांगितलं. रोज सकाळी साडेसातला तो जिना चढून सरांकडे जायचा. सुईनं बोट टोचून तपासायचं यंत्र दोघांकडेही होतं, पण सरांचा त्यावर विश्वास नव्हता. "साब मेरा मुँह सूँघते थे, मैं साब का. फिर चाय." इतकी वर्षं. एक दिवस न चुकता.

"कसला वास यायचा?" मी मराठीतच विचारलं. त्याला कळलं.

"खिचड़ी का, बिटिया. और काहे का." मग फोनवर नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला, म्हाताऱ्या माणसाचा, घरघरता. "अब मेरा कौन सूँघेगा?"

मी इंदूरच्या माझ्या स्वयंपाकघरात उभी होते. ते काम माझं होतं, ते मी केलं नाही, आणि आता करायचं म्हटलं तरी इथून होण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, "रामसेवक, सुबह से क्या खाया?"

तो एकेक करून सांगायला लागला.